आरमॅट्स की लीफकटर?

दोन गटांच्या आरएनए नमुन्यांत स्प्लायसिंग (आरएनएमधले इन्ट्रॉन नावाचे तुकडे कापून उरलेले एक्सॉन जोडणं) कुठे बदललं, हे ही दोन्ही संगणकीय साधनं सांगतात. मोजतात मात्र वेगळं. आरमॅट्स घटना पाहतं: एक्सॉन वगळला, इन्ट्रॉन तसाच राहिला, असे 5 ठरलेले प्रकार. एक्सॉन घेणारे 30 रीड (यंत्राने वाचलेले आरएनएचे छोटे तुकडे) आणि वगळणारे 10, तर (लांबीचा हिशेब बाजूला ठेवून) समावेशाचं प्रमाण 0.75. गटागटांतला फरक थेट वाचता येतो. लीफकटर फक्त एक्सॉनांच्या सांध्यांवरून जाणारे रीड घेतं आणि एकमेकांत गुंतलेल्या इन्ट्रॉनांचे गट बांधतं. जनुकांची नोंद अपुरी असली तरी त्याचं अडत नाही; साच्यात न बसणारे बदलही सापडतात. पण राहून गेलेला इन्ट्रॉन त्याला दिसतच नाही! तोच प्रश्न असेल तर आरमॅट्सच. एरवी माझा कल लीफकटरकडे, निकाल वाचताना जरा डोकं खाजवावं लागलं तरी.