मिनीडिस्क की कॅसेट: खासगी ध्वनिमुद्रणासाठी काय निवडावे?

सोनीने १९९२ मध्ये आणलेली मिनीडिस्क (डबीत बसवलेली छोटी डिजिटल चकती) आणि १९६३ पासूनची कॅसेट यांतील खरा फरक, माझ्या मते, आवाजापेक्षा संपादनात जाणवतो. मिनीडिस्कवर लेसरने तापवलेल्या बिंदूंवर चुंबकीय हेड नोंद करते. त्यामुळे फितीची खरखर नसतेच, शिवाय मुद्रणानंतर यंत्रातच तुकडे पाडता, जोडता आणि पुसता येतात, जे कॅसेटवर कात्रीशिवाय जवळजवळ अशक्य. ९० मिनिटांची कॅसेट मध्येच उलटावी लागते. ७४ मिनिटांची चकती सलग चालते. मात्र चकतीवरील अनुक्रमणिका, म्हणजे कोणते मुद्रण कुठे आहे याची नोंद, मुद्रण थांबवल्यानंतरच लिहिली जाते आणि त्याआधी वीजपुरवठा तुटला, तर सारे मुद्रण हातचे जाऊ शकते. कॅसेट निदान तिथवरचा आवाज राखते, म्हणून पुन्हा न मिळणाऱ्या मुलाखतीला मी दोन्ही यंत्रे सोबत ठेवीन.