हेवन्स अबव्ह : आकाशात नक्की काय चमकलं ते शोधायचं असेल तर

जानेवारीत आम्ही दापोलीजवळ कर्द्याच्या बीचवर होतो, रात्रीचे नऊ वाजून गेलेले, आणि पश्चिमेला समुद्रावर अगदी खाली एक तारा एकदम पेटला, चार-पाच सेकंद झगमगला आणि विझला. मिनिटभरात त्याच्या शेजारीच दुसरा, मग तिसरा. भाची ओरडायला लागली, मामा विमान विमान! पण विमान असं जागच्या जागी विझत नाही आणि लाल-हिरवे दिवेही नव्हते.

अशा वेळी मी हेवन्स अबव्ह उघडतो. क्रिस पीट यांची ही साइट फुकट आहे, दिसायला साधी, नुसती टेबलं आणि नकाशे, पण कामाची किती म्हणून सांगू. आम्ही पाहिले ते स्टारलिंक, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह, आणि साइटवर त्यांच्या पानावर ते सगळे पृथ्वीभोवती फिरताना दिसतात. त्या वेळी आपल्या डोक्यावरचे पृथ्वीच्या सावलीत गेलेले असतात आणि लांब पश्चिमेकडच्यांवर अजून ऊन असतं. सूर्य क्षितिजाखाली साधारण 40 अंश गेला की त्यांच्या सपाट खालच्या बाजूवरून ते ऊन आरशासारखं आपल्याकडे येतं, म्हणून एकाच जागी एकामागून एक चमकतात. भाचीला वाळूत गोल काढून दाखवलं तेव्हा तिला पटलं.

जुन्या लोकांना ही साइट इरिडियम या सॅटेलाइट फोनच्या उपग्रहांमुळे माहीत. त्या उपग्रहांचे दाराएवढे चकचकीत अँटेना उणे 8 प्रतीपर्यंत चमकायचे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड जास्त), म्हणजे शुक्राच्या वीसपटीहून जास्त, आणि साइट सेकंदासकट वेळ सांगायची. गच्चीवर शेजारपाजाऱ्यांना जमवून तीन, दोन, एक म्हणायचं आणि खरंच तिथे लखकन उजेड! ते उपग्रह 2017 पासून खाली उतरवायला लागले, त्यांच्या जागी आलेले तसे चमकत नाहीत. मला अजून चुकल्यासारखं होतं.

आता ओळखायचं कसं, तर चमक दिसली की पहिल्यांदा घड्याळ बघा, मिनिट नाही, सेकंद. मग कुठल्या नक्षत्रात ते लक्षात ठेवा, व्याधाच्या डावीकडे, शर्मिष्ठेच्या खाली, असं काहीही चालेल. नंतर साइटवर तेजस्वी उपग्रहांच्या रोजच्या यादीत ती वेळ शोधा आणि ओळीवर टॅप करा, ताऱ्यांच्या नकाशावर वाटेची रेघ येते आणि तिच्यावर वेळा लिहिलेल्या असतात. रेघ तुमच्या जागेवरून त्याच वेळी जात असेल तर सापडला. नावापुढे आर/बी असेल तर ते रॉकेटचं रिकामं धूड, गडगडत जाताना ठरावीक अंतराने लुकलुकतं. यादीतली प्रत नेहमीच्या उजेडाची असते हं, अचानक आलेली चमक त्यात धरलेली नसते, त्यामुळे यादीत 4 प्रत लिहिलेला उपग्रह दोन सेकंद व्याधाएवढा दिसला तर गोंधळू नका.

एक मात्र आधी करा, लोकेशन टाका. नाही टाकलं तर साइट शून्य अक्षांश-रेखांश धरते आणि वेळाही जागतिक दाखवते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मी एकदा तसंच विसरून अख्खी संध्याकाळ चुकीच्या यादीत डोकं घातलं होतं. आणि बीचवर, गडावर रेंज नसते, तेव्हा निघायच्या आधी त्या रात्रीच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.