मोंतेविदेओत भाड्याचं घर: कोणती हमी परवडते?

टीसीएसने 2002 मध्ये झोनामेरिका या शहराबाहेरच्या करमुक्त व्यापार क्षेत्रात केंद्र सुरू केल्यापासून भारतातून बदलीवर मोंतेविदेओला, म्हणजे उरुग्वेच्या राजधानीला, जाणाऱ्यांची ये-जा आहे. तिथे घर घेताना भाड्याची घासाघीस नंतर. आधी ‘गारांतिया’, म्हणजे भाडं बुडणार नाही याची हमी, कुठून आणायची ते ठरवा. पहिल्या महिन्याचा खर्च त्यावरच ठरतो.

नव्याने आलेल्या माणसाला सर्वात सहज मिळणारी सोय म्हणजे बांको इपोतेकारियोत, म्हणजे सरकारी गृहकर्ज बँकेत, अनामत ठेवणं. पगाराचा इतिहास कुणी विचारत नाही, पण सहसा 5 महिन्यांचं भाडं अडकून पडतं. भाडं 25,000 पेसो धरा. अनामत 1,25,000, एजंटची दलाली बहुधा एक महिन्याचं भाडं अधिक 22 टक्के व्हॅट म्हणजे 30,500, आणि पहिल्या महिन्याचे 25,000. किल्ली हातात पडेपर्यंत 1,80,500 पेसो गेले. शिवाय अनामत सोडवायला घरमालकाची संमती लागते. ती मिळण्याआधी देश सोडलात तर मागे पाठपुरावा करणारं कुणीतरी हवं.

ज्यांचा पगार तिथल्या नियमाने होतो त्यांच्यासाठी आंदा ही सभासदांना भाड्याची हमी देणारी संस्था किंवा कोंतादुरिया, म्हणजे सरकारी लेखा कार्यालय, हाच उत्तम मार्ग. भाडं पगारातून परस्पर कापलं जातं, मोठी रक्कम अडकत नाही आणि घरमालकही निर्धास्त असतो. मात्र नोकरीत काही काळ झालेला असावा लागतो, म्हणून पहिल्याच महिन्यात हे जमत नाही. पोर्तो सेगुरो किंवा सुरासारख्या विमा कंपनीची हमी लवकर मिळते, पण तिचा हप्ता परत येत नाही. दोन वर्षं राहणार असाल तर अनामतीपेक्षा ती महाग पडते. 2020 च्या कायद्याने हमीशिवाय करार करता येतो, पण भाडं थकलं तर घर फार लवकर खाली करावं लागतं.

करारात एक कलम डोळ्यांत तेल घालून वाचा. राहत्या घराच्या कराराची किमान मुदत कायद्याने सहसा दोन वर्षं असते. बदलीवर आलेला माणूस आठ-दहा महिन्यांत परत निघाला तर उरलेल्या महिन्यांचं भाडं त्याच्याकडे मागितलं जाऊ शकतं. किती दिवसांची नोटीस आणि किती दंड, हे सही करण्याआधी लेखी घ्या. तोंडी आश्वासन उपयोगाचं नाही.

भाड्यावर ‘गास्तोस कोमुनेस’ येतो, म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स. घरातल्या फरशीखालून गरम पाणी फिरवणारी सामाईक हीटिंग असलेल्या जुन्या इमारतींत हिवाळ्यात तो चांगलाच फुगतो, आणि तुम्ही घरी नसलात तरी तुमचा वाटा चुकत नाही. जून ते ऑगस्टची बिलं एजंटकडून मागून घ्या. उन्हाळ्यातलं बिल बघून काहीच कळत नाही.

घर उत्तराभिमुख हवं. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, आणि आपल्याकडच्या सवयीने दक्षिणेची खिडकी घेतली तर हिवाळाभर भिंतींना ओल आणि कपाटात बुरशी ठरलेली.

वीज सरकारी यूटीई कंपनीची. बऱ्याच लहान घरांचा मंजूर भार 3.7 किलोवॉट असतो. टाकीचा गिझर 1.5, एसी 1 आणि इंडक्शन शेगडी 2, एकदम चालवलं की 4.5 होतात आणि स्विच पडतो. भार वाढवून घेता येतो, पण दरमहाचा ठरीव आकारही वाढतो. त्यापेक्षा गिझरला टायमर लावा, वेळेनुसार बदलणारा दर निवडा आणि पाणी रात्रीच तापवून ठेवा. संध्याकाळी दर सर्वात चढा असतो.

मोहल्ला निवडताना झोनामेरिका रुता 8 वर 17.5 किलोमीटरच्या दगडाजवळ आहे हे विसरू नका. पोसितोस या मोहल्ल्याचा समुद्रकिनारा सुंदर, पण भाडंही चढं आणि रोजचा प्रवासही लांब. कंपनीची बस कुठून सुटते ते आधी विचारा, मग नकाशा उघडा.

घराचा ताबा घेताना प्रत्येक भिंतीचे, खिडकीखालच्या कोपऱ्याचे आणि गिझरच्या तळाचे फोटो काढून तारखेसह घरमालकाला ईमेल करा. अनामत परत देताना वाद होतो तो बहुतेक वेळा जुन्या ओलीवरूनच.