नवा म्हणून विकलेला जुना सेल्फ: पद्मिनी बाळगणाऱ्यांसाठी

प्रीमियर पद्मिनीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, घरच्या घरी बदलणे हे हातात पाना धरायची सवय असलेल्या माणसाला फारसे अवघड नाही. अवघड आहे ते खरा सेल्फ मिळणे. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघणे बंद होऊन दोन दशके उलटली आहेत, आणि २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २० वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. टॅक्सी धावत होत्या तोवर सुट्या भागांना रोजचे गिऱ्हाईक होते. आता उरलो ते आमच्यासारखे, जे गाडीवर जीव लावून बसले आहेत आणि भाग मिळतो म्हटल्यावर सांगतील ती किंमत मोजतात. मला फसवणाऱ्या विक्रेत्याने याच गरजेचा फायदा उठवला.

माझ्या गाडीत किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येत असे, दिवे मात्र मंद होत नसत. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, अर्थची पट्टी घासून स्वच्छ केली होती आणि सेल्फच्या टर्मिनलपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत होते. अशी लक्षणे असतील तर बहुतेक वेळा आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला टेकून त्याला वीज देणारे छोटे ठोकळे, झिजलेले असतात, आणि ते बदलण्याचा खर्च किरकोळ असतो. मी बॅटरीची ऋण बाजू आधी सोडवून, सेल्फ उतरवून, केवळ कार्बन मिळावेत म्हणून त्या विक्रेत्याच्या दुकानात गेलो. त्याने सेल्फ आत नेला, थोड्या वेळाने बाहेर येऊन आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला आतला फिरता भाग, जळाल्याचे सांगितले, आणि जुना सेल्फ दिल्यास खोक्यातला कोरा सेल्फ सवलतीत देण्याची तयारी दाखवली. जळालेल्या वायरीच्या वार्निशचा वास लपत नाही, आणि माझ्या सेल्फला तसा वास कधीही आला नव्हता, हे मी त्याला सांगितले. त्यावर त्याने शेवटचा नग असल्याचे सांगून घाई केली, आणि मी जुना देऊन तो घेतला.

बसवलेला सेल्फ थोडे दिवस चालला आणि मग खरखरू लागला. तो पुन्हा उतरवून ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनसमोर उघडला, तेव्हा सगळा प्रकार उघड झाला. बाहेरचा काळा रंग नखाने निघत होता आणि त्याखाली जुने ग्रीस होते. कॉम्युटेटर, म्हणजे आर्मेचरचा कार्बन टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, लेथवर इतका उतरवला होता की तांब्याच्या पट्ट्या पातळ झाल्या होत्या, आणि त्यांच्यामधल्या खाचा कार्बनच्या भुकटीने भरल्या होत्या. आर्मेचरचा दांडा ज्यांत फिरतो ते बुश ढिले असल्यामुळे आर्मेचर आतून घासून चकाकत होते. पिनियनचे, म्हणजे इंजिनला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचे, झिजलेले दाते वेल्डिंगने भरून कानशीने घासले होते. खोक्यावर किमतीचे लेबल होते, पण उत्पादकाचे नाव नव्हते आणि उत्पादनाचा महिना-वर्षही नव्हते.

मी परत गेलो तेव्हा इलेक्ट्रिकल मालाला हमी नसते आणि बसवताना मीच तो बिघडवला, असे उत्तर मिळाले. माझा मूळ सेल्फ ‘भंगारात गेला’ होता. खरी लूट इथे आहे, असे माझे ठाम मत आहे: कारखान्यातून आलेले चांगले आर्मेचर आणि फील्ड कॉइल (आवरणाच्या आत बसवलेली तारांची वेटोळी) असलेला सेल्फ नव्या कार्बनवर पुन्हा कितीतरी वर्षे चालतो, आणि तोच आता दुसऱ्या कोणाला रंगवून विकला जाईल. म्हणून उतरवलेला सेल्फ नजरेआड होऊ देऊ नये, तो आपल्यासमोरच उघडायला लावावा आणि नवा नीट चालत असल्याची खात्री पटेपर्यंत जुना अदलाबदलीत देऊ नये. विकत घ्यायचा सेल्फ दुकानातच शिकंज्यात घट्ट आवळून बॅटरीवर फिरवून पाहावा. पिनियन झटक्यात पुढे आला पाहिजे आणि आवाज एकसारखा असला पाहिजे. जो दुकानदार याला नकार देतो, त्याच्याकडून माल घेऊ नये.

मला पक्के बिल दिले नव्हते, ‘सेल्फ १ नग’ एवढीच चिठ्ठी होती. तरीही यूपीआयची नोंद, मोबाइलवरचे संदेश आणि उघडलेल्या सेल्फची छायाचित्रे जोडून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यानंतर काही रक्कम परत मिळाली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. उरलेल्या रकमेसाठी मी तिथला तक्रारअर्ज तयार केला आहे. त्यात फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचे, म्हणजे पिनियन ज्यात अडकतो त्या इंजिनच्या जड चाकावरच्या दातेरी कड्याचे, नुकसानही मांडले आहे, कारण त्या वेल्डिंगच्या दात्यांनी रिंगचे दाते खाल्ले आणि ती बदलण्यासाठी आता गिअरबॉक्स उतरवावा लागणार आहे.