वादळाच्या इशाऱ्यात नकाशा-अ‍ॅप : पाचपैकी तीन तारे

निळ्या रेषेने रस्ता आणि लाल रेषेने कोंडी दाखवणारे, बहुतेकांच्या फोनमध्ये आधीपासूनच असलेले नकाशा-अ‍ॅप मी अनेक वर्षे वापरतो. चेंबूरहून ठाण्याला निघताना पूर्व द्रुतगती महामार्ग धरावा की आतून जावे, हे सांगण्यात ते क्वचितच चुकते. हे परीक्षण मात्र एकाच प्रश्नापुरते आहे : चक्रीवादळाचा किंवा अतिवृष्टीचा इशारा मिळून सगळे एकाच वेळी शहराबाहेर निघाले, तर या अ‍ॅपवर कितपत विसंबावे? निघावे की थांबावे हे ठरवण्यासाठी जरूर विसंबावे. महामार्गाला लागल्यावर मात्र त्याने सुचवलेले आडरस्ते धरू नयेत, असे माझे मत आहे.

गेल्या पावसाळ्यात रेड अलर्टमुळे कार्यालये लवकर सुटली आणि सायन-पनवेल महामार्गावर वाशीकडे जाणारी वाहने खोळंबली. मानखुर्दच्या अलीकडे अ‍ॅपने वेळ वाचेल असे सांगून एका वस्तीतला रस्ता सुचवला. आत शिरल्यावर पाहतो तर ताडपत्री बांधलेला टेम्पो वळणावर अडकलेला, दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी आरसे मिटून घेतलेले आणि पाणी अर्ध्या चाकापर्यंत चढलेले. शटर अर्धे ओढून उभा असलेला दुकानदार म्हणाला, “दुपारपासून सगळे मोबाईलवाले इकडेच घुसतायत, साहेब. आता मागे घ्यायलाही जागा नाही.” अ‍ॅपवर ती गल्ली तेव्हाही नारिंगीच दिसत होती.

यामागचे कारण सोपे आहे. रस्त्यावरच्या फोनचा वेग पाहून अ‍ॅप कोंडी ओळखते, त्यामुळे पहिल्या काही गाड्यांना गल्ली खरोखरच मोकळी मिळते. पण तोच सल्ला मागच्या शेकडो जणांना गेला, की एका मार्गिकेच्या गल्लीत महामार्गाची गर्दी शिरते. शिवाय पाणी किती साचले आहे, हे वेगाच्या आकड्यांतून कळत नाही.

महामार्ग तुंबणे किती जिवावर बेतू शकते, हे अमेरिकेत सप्टेंबर 2005 मध्ये ‘रिटा’ वादळापूर्वी दिसले. काही आठवड्यांपूर्वीच्या ‘कतरिना’ने धास्तावलेले सुमारे 25 लाख लोक ह्यूस्टन परिसरातून निघाले, भर उन्हात गाड्यांतले इंधन संपले आणि विरुद्ध दिशेच्या मार्गिका बाहेर जाणाऱ्यांसाठी खुल्या करण्यास उशीर झाला. डलासजवळ वृद्धाश्रमातील लोकांना नेणाऱ्या बसला आग लागून 23 जण दगावले. 2017 मध्ये ‘इर्मा’च्या वेळी फ्लोरिडाने महामार्गाची कडेची पट्टीही वाहनांना खुली केली, आणि बंद रस्ते तातडीने नकाशावर यावेत म्हणून राज्य प्रशासनाने गुगलशी थेट संपर्क ठेवला. थोडक्यात, अशा दिवशी नकाशाची किंमत नियंत्रण कक्षाकडून येणाऱ्या माहितीवर ठरते, आणि मला इथे नेमकी तीच उणीव जाणवली. पोलिसांनी अडथळे लावून बंद केलेला एक सबवे अ‍ॅप बराच वेळ चालू दाखवत राहिले.

मुंबईत ही परीक्षा अजून खऱ्या अर्थाने झालेलीच नाही. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले आणि 17 मे 2021 रोजी ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेले, तेव्हा वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद ठेवावा लागला होता. पण दोन्ही वेळी करोनाच्या निर्बंधांमुळे रस्त्यांवर वर्दळच कमी होती. किनाऱ्यालगतच्या रहिवाशांना हलवले गेले तेही जवळच्या सुरक्षित जागी. माझ्या मते तेच शहाणपणाचे होते, कारण दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी आणि 2024 पासून अटल सेतू, एवढीच शहराची मुख्य दारे आहेत. त्यांपैकी तिघांना खाडी ओलांडावी लागते, आणि 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूचा बराचसा भाग तर उघड्या समुद्रावर आहे.

वापरायचेच असेल, तर ठाणे आणि रायगडचा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवावा. नेटवर्क गेल्यावर कोंडीचे रंग दिसत नाहीत, पण रस्ते तरी दिसतात. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा आणि वाहतूक पोलिसांची सूचना वेगळी पाहावी. कोंडीत तासन्‌तास अ‍ॅप चालू राहिले, की बॅटरी झपाट्याने उतरते, त्यामुळे गाडीत चार्जर हवाच. आणि वाटेत घरच्यांना फोन करायचा असतो, हे लक्षात घेऊन एकदा महामार्गाला लागल्यावर मी तरी अ‍ॅप बंदच करतो.