फुगलेला टायर, अडलेला क्लेम: टायर दुकानांच्या वॉरंटी सेवेचं परीक्षण

टायरच्या दुकानात वॉरंटीवरून होणारी भांडणं बहुतेक वेळा एकाच वाक्यावर येऊन अडतात: "साहेब, हा खड्ड्यात आपटलाय." साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, लिंबाएवढा फुगा आलेला असतो आणि काउंटरवरचा माणूस टायर गाडीवरून उतरवायच्या आधीच, नुसता बाहेरून बघून निकाल देतो. सेवा जोखायची असेल तर पहिली कसोटी इथेच लावावी, कारण हा निकाल देण्याचा अधिकार दुकानदाराचा नाही. वॉरंटी टायर कंपनीची असते. दुकानाने टायर उतरवायचा, क्लेमचा फॉर्म भरायचा, डॉकेट नंबर (क्लेमच्या नोंदीचा क्रमांक) द्यायचा आणि कंपनीच्या तपासनिसापुढे टायर ठेवायचा. एवढं जे दुकान कुरकुर न करता करतं ते चांगलं, मग क्लेम नामंजूर झाला तरी.

एकाच कंपनीचा बोर्ड लावलेली दुकानं, म्हणजे सीएट शॉपी, ब्रिजस्टोन सिलेक्ट, अपोलो झोन यांसारखी, या कामाला सोयीची पडतात. क्लेमची पद्धत तिथल्या माणसांच्या हातातली असते आणि कंपनीच्या इंजिनिअरची फेरी ठरलेली असते. अनेक ब्रँड ठेवणाऱ्या दुकानात भाव चांगला मिळतो, पण क्लेमच्या वेळी ते त्या कंपनीचे अधिकृत डीलर आहेत की दुसऱ्या डीलरकडून माल उचलून विकतात, यावर सगळं अवलंबून असतं. खरेदी करतानाच हे विचारून घ्या.

सर्वात जास्त टोलवाटोलवी नव्या गाडीसोबत आलेल्या टायरची होते. शोरूम म्हणतं टायर कंपनीकडे जा, टायरवाला म्हणतो बिल शोरूमचं आहे. गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेत टायर बहुतेक वेळा वेगळे काढलेले असतात आणि त्यांची जबाबदारी टायर बनवणाऱ्या कंपनीवर असते, हे खरं. अशा टायरसाठी गाडीच्या इन्व्हॉइसची प्रत आणि आरसी घेऊन थेट त्या कंपनीच्या अधिकृत डीलरकडे गेलेलं बरं. मात्र नव्या गाडीवरून काढलेले टायर काही दुकानं स्वस्तात, बिनबिलाची विकतात. त्यांच्या पाठीशी वॉरंटी आहे असं समजून पैसे देऊ नका.

आता त्या फुग्याविषयी. रेडियल टायरच्या साइडवॉलमध्ये पॉलिएस्टर धाग्यांचा थर एका बीडपासून (बीड म्हणजे रीमवर बसणारी टायरची आतली कड) दुसऱ्या बीडपर्यंत आडवा गेलेला असतो. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळलं की रबर ती कड आणि रीम यांच्या मध्ये चिमटलं जातं आणि आतले धागे तुटतात. बाहेर ओरखडाही दिसत नाही, पण धागे तुटलेल्या जागी आतली हवा रबराला बाहेर ढकलते. फुगा त्याच दिवशी येईल असंही नाही. कधी काही दिवसांनी दिसतो, म्हणून मालकाला खड्डा आठवत नाही आणि तो मनापासून म्हणतो की टायर आपटलाच नाही. हवा कमी असेल तर हे लवकर होतं. टायर जितका बुटका तितका धोका जास्त. मापातला पहिला आकडा मिमीमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के साइडवॉल उंच ते: १६५/८० मापात साइडवॉल १३२ मिमी उंच असते, तर १९५/५५ मध्ये जेमतेम १०७.

उत्पादनातल्या दोषामुळेही फुगा येतो. धाग्यांच्या थराची दोन टोकं जिथे एकमेकांवर चढवतात तो जोड उघडा राहिला, तर तिथे रबर फुगतं. दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, फरक आतून कळतो. आपटलेल्या टायरच्या आतल्या अस्तरावर चिमट्याची रेघ किंवा चीर असते, अनेकदा समोरासमोर दोन ठिकाणी. रीमची कड वाकलेली किंवा घासलेली असते. यापैकी काहीच नसेल, टायर नवा असेल आणि फुगा बीडपासून खांद्यापर्यंत (साइडवॉल जिथे नक्षीच्या भागाला मिळते तिथपर्यंत) सरळ पट्टीसारखा असेल, तर क्लेममध्ये दम आहे. म्हणून टायर आपल्यासमोर उतरवून घ्या आणि आतल्या बाजूचे, रीमच्या दोन्ही कडांचे फोटो तिथेच काढा. जे दुकान हे करू देत नाही, तिथे पुढचं काही नीट होईल अशी आशा ठेवू नये.

साइडवॉलवर आत गेलेली उभी खाच दिसली तर घाबरायचं कारण नाही. थराची टोकं जिथे एकावर एक येतात तिथे जाडी दुप्पट असते, त्यामुळे तो भाग कमी ताणला जातो. खाचेवर क्लेम मिळत नाही आणि मिळायलाही नको. धोका बाहेर आलेल्या फुग्याचा. तो टायर हमरस्त्यावर चालवू नये.

इतर नामंजुऱ्या बऱ्याचदा रास्त असतात. हवा नसताना चालवलेल्या टायरच्या आत काळी भुकटी आणि गोल घासलेला पट्टा दिसतो. नक्षीच्या दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, फक्त मधला भाग झिजला तर जास्त, एकच कड गेली तर अलाइनमेंट. अलाइनमेंटचे छापील रिपोर्ट जपून ठेवले असतील तर निदान वाद घालता येतो. साइडवॉलला पंक्चर काढून चालवलेला टायर कंपनी स्वीकारत नाही. पण बसवताना मशिनने बीड फाडला असेल, तर ती चूक त्या दुकानाची आहे आणि भरपाईही त्यानेच द्यायची. ही गोष्ट गुपचूप वॉरंटीच्या खात्यात ढकलली जाते.

क्लेम मंजूर झाला तरी दुसरा वाद पैशांवरून होतो. नवा टायर फुकट मिळेल असं ग्राहकाने गृहीत धरलेलं असतं, पण साधारणपणे झिजेच्या प्रमाणात रक्कम भरावी लागते. तपासनीस नक्षीची खोली गेजने अनेक ठिकाणी मोजतो. समजा नवेपणी खोली ८ मिमी होती, आता ५.६ आहे आणि टायर ६,००० रुपयांचा आहे. पूर्ण खोली धरली तर ३० टक्के झीज, म्हणजे तुमचे १,८०० रुपये. पण १.६ मिमी ही वापराची मर्यादा दोन्हीकडून वजा केली, तर ६.४ पैकी २.४ झिजली, म्हणजे ३७.५ टक्के आणि २,२५० रुपये. टायर तोच, फरक ४५० रुपयांचा. कोणती पद्धत लावली आणि भाव खरेदीच्या वेळचा धरला की आजचा, हे वॉरंटी पत्रकात लिहिलेलं असतं. ते समोर ठेवून हिशेब मागा. बसवणं आणि बॅलन्सिंगचे पैसे सहसा वेगळे पडतात.

मुदत बहुतेक कंपन्या पाच वर्षांच्या आसपास देतात, पण काही ती खरेदीपासून मोजतात तर काही उत्पादनापासून. म्हणून साइडवॉलवरचे चार आकडे पाहून टायर घ्या: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे अनेकदा एकाच बाजूला असतात, त्यामुळे बसवण्याआधीच बघा. जीएसटीच्या पक्क्या बिलावर प्रत्येक टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या; नुसतं "४ टायर" लिहिलेलं बिल क्लेमच्या वेळी फार दुबळं ठरतं. काही मॉडेलवर खड्ड्याचं नुकसानही धरणारी जादा वॉरंटी असते, पण ती ठरलेल्या दिवसांत नोंदवावी लागते. हे न सांगता टायर विकणाऱ्या दुकानाचा एक गुण तिथेच कापावा. आपल्याकडचे रस्ते पाहता हीच वॉरंटी सर्वात उपयोगाची आहे.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या. "आपटलाय" एवढं पुरे नाही. नुकसान कुठे, कोणत्या प्रकारचं आणि तपासणी कोणी केली हे हवं. तपासणीसाठी टायर कापायचा असेल तर आधी विचारलं पाहिजे, कारण कापलेला टायर पुढे पुरावा म्हणून कमजोर पडतो. नंतर कंपनीच्या ग्राहक सेवेला डॉकेट नंबरसह ईमेल करा आणि फेरतपासणी मागा. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. दोष चाचणीशिवाय कळत नसेल तर कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यासाठी टायर तुमच्याकडे असावा लागतो, म्हणून नामंजूर टायर दुकानात भंगारासाठी सोडून येऊ नका. पोच देऊन परत घ्या आणि सिरियल नंबर दिसेल असा ठेवा.