हीट गनची दीड मीटर वायर आणि झेनच्या फ्लोअरवरचं डांबर (साडेसात महिन्यांनंतर)

आधीच सांगतो, गन (गरम हवा फेकणारं हत्यार) वाईट नाही. २००० वॅट, ३५० आणि ५५० अंश अशी दोन सेटिंगं, डिसेंबरात १,६५० ला घेतली, मिनिटभरात तापते. पण वायर दीड मीटर आहे. दीड मीटर! सोल्डरिंग गनला ठीक आहे हो, पण जी वस्तू घेऊन माणूस गाडीत डोकं घालून उलटा पडणार तिला दीड मीटर वायर देणाऱ्याने आयुष्यात गाडी उघडून बघितलेली नाही. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचं साधारण तसंच दिसतंय.

गाडी १९९८ ची मारुती झेन, कार्बोरेटरवाली. मडगावच्या एकाकडून घेतली, त्याने म्युझिक सिस्टीमसाठी दारं, फ्लोअर, डिकी सगळीकडे अ‍ॅल्युमिनियम फॉइलवालं ब्यूटाइल (पत्र्याची थरथर थांबवणारं चिकट रबरी शीट) चिकटवलेलं, आणि फ्लोअरवर त्याच्याखाली कंपनीचं मूळ डांबरी शीट होतंच. मी ते काढायला घेतलं ते वजन कमी करायला नाही. ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट ओली लागायची, काचेच्या बीडिंगमधून पाणी येत होतं आणि शीटच्या खाली जाऊन बसत होतं. शीट एका कोपऱ्यात उचललं तर पत्रा पापडासारखा. गोव्यात चार महिने ओल हटत नाही, फ्लोअरवर जे काही चिकटवलंय त्याच्याखाली काय चाललंय ते वरून कळतच नाही. टिंकरवाला बघून म्हणाला, आधी सगळं सोलून आण, मग वेल्डिंगचं बोलू. तो सोलायचे वेगळे पैसे सांगत होता, म्हणून मग ही गन.

तर वायर. घर फोंड्याला, गाडी मांडवात, आणि १५ अँपिअरचा पॉइंट बल्कांवच्या (पुढच्या ओसरीच्या) आत. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर खेचते, आपला नेहमीचा मोबाइल-टेबलफॅनवाला एक्स्टेन्शन बोर्ड असतो ६ अँपिअरचा. मला हे माहीत होतं, तरी पहिल्या रविवारी तोच लावला, कारण जाड वायरचा बोर्ड ९०० रुपये. वीस मिनिटांत बोर्डाची पिन इतकी तापली की वास आला. मग ९०० गेलेच. म्हणजे गन १,६५० ची नाही, २,५५० ची, हे बॉक्सवर कुठे लिहिलेलं नसतं. आणि बोर्ड आणला तरी गनची स्वतःची वायर दीडच, बोर्ड गाडीच्या आत सीटच्या जागी ठेवायचा, आणि पलीकडच्या कोपऱ्यात गेलं की वायर तट्ट ताणलेली.

कामाचं म्हणाल तर पहिले दोन महिने मी चूकच करत होतो. ५५० वर लावून भाजत होतो. डांबरी शीट जास्त तापलं की ते निघत नाही, वितळतं, खरवडायच्या पट्टीला लागतं, पट्टीवरून हाताला, हातावरून स्टिअरिंगला. फणस फोडताना चीक लागतो ना, तसं, फक्त काळं. साबणाने काही होत नाही. आई म्हणाली फणसाला खोबरेल लावतात ना, मग ह्यालाही लाव, आणि खरंच निघालं, तेव्हापासून काम सुरू करायच्या आधीच हाताला खोबरेल (वर ग्लोव्ह्ज). पत्र्यावरचा उरलेला डाग टर्पेंटाइनने जातो, पण गन थंड झाल्यावर, दारं उघडी ठेवून. पेट्रोलने पुसायचा शहाणपणा करू नका.

योग्य पद्धत अशी की ३५० वर, नोझल चार बोटं लांब, सतत हलती, शीट फक्त हाताला चटका बसेल इतपत. तेवढ्यात ते चामड्यासारखं होतं आणि एक कोपरा उचलून हळू ओढलं की तळहाताएवढा तुकडा अख्खा येतो. त्याला धूर यायला लागला म्हणजे तुमचं चुकलंय, आणि तो धूर छातीत घेण्यासारखा नाही, कापडी मास्क त्याला काही करत नाही, काडतुसवाला (वाफ गाळणाऱ्या डब्या लावलेला) मास्क घ्या. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी, फ्लोअरखालून ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या, तिथे मी गन लावलीच नाही.

ब्यूटाइलचं वेगळंच. त्याचं फॉइल सहज फाटून हातात येतं आणि काळा गोंद दारावरच राहतो. त्याला पट्टी नको, निघालेल्या ब्यूटाइलचाच लिंबाएवढा गोळा करून टिपत जायचं, गोंद गोंदाला धरतो. दोन दारं अशी टिपून काढली, एक अख्खा शनिवार-रविवार.

आता खरी गंमत. एप्रिलमध्ये एका दुपारी गाडी मांडवाबाहेर उन्हात राहिली, काचा बंद. तीनला काही काढायला म्हणून दार उघडलं, आत भट्टी. सहज उरलेल्या मागच्या दाराच्या शीटला नख लावलं तर ते केळीच्या सालीसारखं सुटत आलं. गन नाही, वायर नाही, बोर्ड नाही! त्या दारासाठी लाइटबिल शून्य. मी १,६५० आणि ९०० ची बेरीज करत पंधरा मिनिटं तसाच बसलो.

मग चीड आली म्हणून दुसरं टोकही करून बघितलं, ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमधून दहा किलो आणला, मासळीच्या थर्माकोल डब्यातून, कारण नवा डबा कशाला घ्यायचा, त्यामुळे झेनला आठवडाभर बांगड्याचा वास. झाकण सैल ठेवा, हवाबंद डब्यात तो फुगून फुटतो. उणे ७८ अंश आहे, चामड्याचे ग्लोव्ह्ज पाहिजेतच. आणि त्याचा होणारा वायू हवेपेक्षा जड, फ्लोअरवर साचतो आणि आपलं नाकही तिथेच असतं, म्हणून चारही दारं उघडी. फ्लोअरवर फोडून पसरवला, दहा-पंधरा मिनिटं थांबलो, मग हातोडीने हलकेच ठोकलं. काय सांगू, टक्क. चिक्कीसारखं तडकून तुकडे उडाले, खाली स्वच्छ पत्रा, चिकट काही नाही. डांबर आणि लोखंड थंडीत वेगवेगळं आकसतं, त्यात पकडच सुटते. पंपावरचा शेजारी येऊन बघून गेला, म्हणाला, "कितें करता रे तूं, गाडयेक आइस्क्रीम दिता?" दोन महिन्यांचं काम एका सकाळी झालं. उभ्या भागावर मात्र तो टिकत नाही, घसरून खाली येतो, आणि कोपऱ्यात, गोलाईत तडकत नाही. तिथे परत गनच. म्हणून वर लिहिलं तसं, गन वाईट नाही.

पण एक गोष्ट थंड प्रदेशातले लोक सांगत नाहीत. आपल्याकडच्या दमट हवेत थंड पत्र्यावर लगेच दव धरतं. तासाभरात फ्लोअरवर पाण्याचं तळं. मी म्हटलं उद्या पुसू. सकाळी सगळा स्वच्छ पत्रा फिक्या भगव्या रंगाचा. परत घासणं, परत टर्पेंटाइन, मग रेडऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर). त्याच दिवशी कोरडा करून प्रायमर मारणार नसाल तर ड्राय आइस आणूच नका.

ह्याच धांदलीत गन मेली. एप्रिलचा शेवट, पाचवा महिना, वॉरंटी सहा महिन्यांची. मूठ आणि वायर जिथे जुळते तिथल्या रबरापाशी आतून तार तुटली होती, वायर हलवली की चालू, सोडली की बंद. आता ती का तुटेल? कारण साडेचार महिने ती ताणलेली होती, कारण ती दीड मीटर आहे! पणजीच्या सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, वायर वॉरंटीत येत नाही, ते फिजिकल डॅमेज. मी म्हटलं मग वॉरंटीत येतं काय, बॉक्स? तो म्हणाला तुम्ही कमर्शियल वापर केलाय. मला गाडी सोलायचे कोणी पैसे देतंय का, मीच सगळ्यांना देतोय! दुसऱ्यांदा गेलो तर साहेब रजेवर. दोन हेलपाट्यांचं पेट्रोल गनच्या चौथाईएवढं झालं, बाणस्तारीच्या पुलावर ट्रॅफिक वेगळा.

शेवटी फोंड्यातच हार्डवेअरमधून दीड चौरस मिलिमीटरची थ्री-कोर वायर घेतली, चार मीटर, आणि गल्लीतल्या वायरमनकडून जोडून घेतली, वर १५ अँपिअरची पिन. ३२० रुपये. आणि ही गन वेगळीच वस्तू झाली. बोर्डची गरज नाही, मुठीवर ताण नाही, डिकीच्या टोकापर्यंत जाते. माझं मत पाच महिने दोन स्टार होतं, आता चार देतो, पण ते चार वायरमनचे आहेत.

निघालेला सगळा माल भुसारी दुकानाच्या काट्यावर टाकला, नऊ किलो चारशे. वजनाचा फरक चालवताना काहीच कळत नाही, आवाजाचा कळतो. चाकाचा खडा उडून कमानीवर लागला की कानाशी डबा वाजवल्यासारखं. आधीच्या माणसाने शंभर टक्के पत्रा झाकलेला, त्याचीही गरज नव्हती. शीट आवाज अडवत नाही, पत्र्याचं थरथरणं थांबवतं, त्यासाठी प्रत्येक पत्र्याच्या मधोमध पाव भाग पुरतो. बोटाच्या पेराने वाजवून बघा, ठण्ण आलं तिथे लावा, ठप्प आलं तिथे सोडा. चवथीनंतर तेवढंच परत लावणार आहे.

आणि एक चूक कबूल करतो. पुढच्या कोपऱ्यात पत्र्याच्या जोडावर कंपनीचं सीलंट (फटीतून पाणी येऊ नये म्हणून भरलेला लेप) होतं, राखाडी, दोरीसारखं. मी ते जुनं डांबर समजून जोशात खरवडलं. जूनमध्ये पहिला पाऊस आला आणि ड्रायव्हरच्या पायाखाली, नव्या रेडऑक्साइडवर, परत पाणी. बीडिंग नवीन आहे, म्हणजे ते तिथूनच. सध्या रोज संध्याकाळी तो कोपरा ३५० वर सुकवतोय, सीलंटची नळी आणून ठेवलीय, पत्रा सलग दोन दिवस कोरडा मिळाला की भरतो.